हॉटेलच्या क्रेडिट कार्डावरची सूट: कंट्रोल प्लॉट कुठला धरायचा?

गेल्या आठवड्यात विभागातल्या एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, हैदराबादला परिषद आहे, पेपर सिलेक्ट झालाय. बँकेतून फोन आला होता, हॉटेलवालं क्रेडिट कार्ड देतायत. वर्षाला एक रात्र फुकट, वर प्रत्येक बुकिंगला सूट. घेऊ का?" सोबत जाहिरातीचा फोटो, आणि त्यावर मोठ्या अक्षरात "२५ टक्क्यांपर्यंत बचत".

मी आधी "अजिबात नको" असं टाइप केलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. असं एक कार्ड मी स्वतः दोन वर्षं वापरलंय. त्यात हात पोळलेत. पण हात पोळलेल्या माणसाचं मत म्हणजे एकच निरीक्षण झालं, आणि एका निरीक्षणावरून शिफारस करायची नाही हे आपण एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला शिकतो. तुमच्यातले बरेच जण पेट नाहीतर नेटच्या तयारीत आहात, रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर डोक्यावर आहे. म्हटलं, तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यासमोरच शोधू. प्रश्न हॉटेलचा असला तरी यात कंट्रोल येतो, मोजमापाचं एकक येतं, सिलेक्शन बायस येतो. आणि चुकलं तर मार्क जात नाहीत, फेलोशिपचे पैसे जातात.

ही कार्डं काय असतात ते थोडक्यात सांगते. नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकाला पॉइंट द्यायचे आणि त्याला बांधून ठेवायचं, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आणली विमान कंपन्यांनी. अमेरिकन एअरलाइन्सची योजना १९८१ची. हॉलिडे इन आणि मॅरियट यांच्या योजना त्यामागून दोनच वर्षांत, १९८३ मध्ये आल्या. पुढे बँका त्यात शिरल्या: कार्ड बँकेचं, पॉइंट हॉटेलचे. आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे एचडीएफसी बँक आणि मॅरियट बॉनव्हॉय यांचं कार्ड, ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं. आलं तेव्हाच्या अटी अशा: वर्षाला ३,००० रुपये फी अधिक जीएसटी, १५,००० पॉइंटपर्यंतची एक मोफत रात्र, सिल्व्हर एलिट दर्जा, मॅरियटच्या हॉटेलात खर्च केला तर दर १५० रुपयांना ८ पॉइंट, प्रवास-जेवणावर ४ आणि बाकी खर्चावर २. दुसऱ्या धाटणीचं कार्ड म्हणजे २०२२ मधलं टाटा न्यू. तिथं ताजच्या हॉटेलांसह टाटांच्या ब्रँडवर न्यूकॉइन मिळतात आणि एक न्यूकॉइन म्हणजे सरळ एक रुपया. या अटी बदलत राहतात, म्हणून मी खाली सगळे हिशेब आलं-तेव्हाच्या आकड्यांवर करते. तुम्ही अर्ज करायच्या आधी बँकेकडून त्या दिवशीचे आकडे घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अर्जासोबत एक पानी माहितीपत्रक देणं बँकेला बंधनकारक आहे, त्यात फी आणि व्याज दोन्ही असतात.

आता मुख्य गोष्ट.

माझा प्रयोग सोयाबीनवर आहे. परभणीच्या काळ्या जमिनीत जस्ताची कमतरता सर्रास दिसते, म्हणून शिफारशीत खतमात्रेसोबत झिंक सल्फेट दिलं तर उत्पादन किती वाढतं हे मी बघते. समजा मी झिंकच्या प्लॉटची तुलना काहीच खत न दिलेल्या प्लॉटशी केली. फरक दणदणीत दिसेल, बारचार्ट छान येईल. आणि गाईड तो चार्ट बघून विचारतील, "नत्र, स्फुरद, पालाश यांनी काहीच केलं नाही का?" कारण त्या तिघांचं श्रेयसुद्धा मी झिंकच्या खात्यावर टाकलेलं असेल. झिंकचा परिणाम मोजायचा तर शेजारी फक्त शिफारशीत खतमात्रा दिलेला प्लॉट हवा. बाकी सगळं तेच, फक्त झिंक नाही.

जाहिरातीतली २५ टक्के बचत ही नेमकी खत न दिलेल्या प्लॉटशी केलेली तुलना असते.

एकाच खोलीच्या किमती बघा. आकडे मी समजायला सोपे घेतलेत. खोडून दाखवलेला दर ८,००० रुपये. कुठलंही खातं नसलेल्या माणसाला वेबसाइटवर दिसणारा दर ६,५००. मोफत सभासद झालेल्या माणसाला दिसणारा दर ६,१७५. कार्डवाल्याला ६,०००. जाहिरात ८,००० मधून ६,००० वजा करते आणि २५ टक्के म्हणते. पण सभासदाचा दर मिळवायला कार्ड लागतच नाही. मॅरियट बॉनव्हॉय, हिल्टन ऑनर्स, आयएचजी वन रिवॉर्ड्स, अकॉरचं ऑल, या सगळ्यांची सभासदी फुकट आहे, ईमेल आणि मोबाइल नंबर दिला की झाली. म्हणजे कार्डाने आणलेला फरक ६,१७५ वजा ६,०००, १७५ रुपये. तीन टक्केसुद्धा नाही. बाकीची सूट नत्र-स्फुरद-पालाशची आहे, ती कार्डाशिवायही मिळणारच होती.

इथे कराची एक गंमत सांगून टाकते, कारण ती कुणी सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर गेलात की १८. कर प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर लागतो. तेव्हा ७,६०० ची खोली करासकट ८,९६८ ला पडते आणि ७,५०० ची ७,८७५ ला. शंभर रुपयांच्या सुटीने हजाराच्या वर वाचतात! सूट नेमकी त्या रेषेच्या अलीकडे आणणारी असेल तर ती खरंच मोलाची. पण ७,५०० च्या आसपासच्या खोल्या आपल्यापैकी किती जण घेतात?

आणि इथेच दुसरा, जास्त अवघड कंट्रोल येतो. कार्ड नसतं तर मी त्याच हॉटेलात राहिले असते का?

माझं सांगते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी पुण्यात परिषद होती. त्याआधी पुण्याला गेले की मी मैत्रिणीच्या हॉस्टेलवर नाहीतर एखाद्या संस्थेच्या गेस्ट हाउसवर उतरायची. दोन रात्री, जास्तीत जास्त तीन हजार. त्या वर्षी हातात नवं कार्ड होतं. दोन रात्रींचे साधारण अकरा हजार भरले. बुकिंग झाल्यावर अ‍ॅपवर हिरव्या अक्षरात आलं: "तुम्ही २,२०० रुपये वाचवलेत." मी तो स्क्रीनशॉट आईला पाठवला होता. आज हिशेब केला तर दिसतं, मी २,२०० वाचवले नव्हते, ८,००० जास्त घालवले होते. कंपनीने खोटं काही लिहिलं नव्हतं. त्यांचा कंट्रोल प्लॉट वेगळा होता, माझा वेगळा, आणि मी त्यांचा वापरला.

त्या आठ हजारांच्या बदल्यात मला काहीच मिळालं नाही असं मात्र म्हणणार नाही. रात्री उशिरा एकटीने शहरात उतरायचं, रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा, आणि लॉजच्या काउंटरवर "सोबत कोण आहे?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं, हे ज्या मुलींनी केलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. चोवीस तास रिसेप्शन, आतून नीट लागणारी कडी, याला माझ्या लेखी किंमत आहे. मी ती रात्रीला सातशे-आठशे रुपये धरते. तुम्ही जास्त धराल, एखादा मुलगा शून्य धरेल. मुद्दा एवढाच की ती किंमत आधी ठरवायची आणि हिशेबात रुपयात लिहायची. बिल भरून झाल्यावर "पण सुरक्षित तर होतं ना" म्हणणं म्हणजे निकाल आल्यावर गृहीतक बदलणं.

फुकट रात्रीचा हिशेबही याच पद्धतीने करा. फी ३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. समोर एक रात्र. विक्रेता म्हणतो, खोली आठ हजारांची आहे, साडेतीन हजारात आठ हजार मिळाले. पण तुमच्यासाठी त्या रात्रीची किंमत म्हणजे तुम्ही एरवी तिच्यासाठी स्वखुशीने किती मोजले असते. मी एरवी १,८०० चं साधं हॉटेल घेतलं असतं, त्यात सुरक्षिततेचे ७०० धरा. २,५००. म्हणजे ३,५४० देऊन मी २,५०० ची वस्तू घेतली, हजाराच्या वर तोटा. त्यात अशा हॉटेलातला नाश्ता बहुतेकदा वेगळा, आणि त्याचं बिल बघितलं की स्टेशनसमोरचे पोहे आठवतात. सिल्व्हर दर्जात नाश्ता येत नाही, हेही लक्षात ठेवा. थोडे जादा पॉइंट मिळतात आणि जमलं तर चेक-आउट उशिरा करता येतं.

शिवाय ती रात्र वापरायची कुठे? परभणीत या साखळीचं हॉटेल नाही. छत्रपती संभाजीनगरला ताजचं विवांता आहे, ते दुसऱ्या साखळीचं. आपल्या परिषदा, कार्यशाळा, संयुक्त बैठका होतात राहुरी, अकोला, दापोलीला. तिथं आपण कृषी विद्यापीठाच्या गेस्ट हाउसवर नाहीतर हॉस्टेलवर उतरतो, चटई टाकून सहा जण एका खोलीत झोपलेलो आहोत. तिथं हे कार्ड दाखवून काय उपयोग! उरलं पुणे, मुंबई, हैदराबाद, नागपूर. वर्षात असे दौरे एक, फार तर दोन. आणि मोफत रात्रीची मुदत असते. माझी एक रात्र अशीच मुदतीत वापरली नाही म्हणून गेली. ती वाया जाऊ नये म्हणून मी खोटं कारण काढून नागपूरला जायच्या बेतात होते, हेही कबूल करते.

आता एककाचा प्रश्न. पॉइंट म्हणजे किती?

प्रयोगशाळेत तुम्हाला कुणी म्हटलं की नमुन्यात जस्त "आठ" आहे, तर तुम्ही विचाराल, आठ काय? पीपीएम, मिलिग्रॅम, टक्के? पॉइंटच्या बाबतीत आपण विचारत नाही. मॅरियटने मार्च २०२२ पासून मोफत रात्रींचा ठरावीक तक्ता काढून टाकला. आता एका रात्रीला किती पॉइंट लागतील ते मागणीनुसार हलतं. म्हणजे मोजपट्टी रबराची आहे आणि ताणणारा समोरचा आहे. टाटा न्यूच्या कॉइनची किंमत रुपयाला बांधलेली आहे, ती दिसायला छोटी वाटते पण मोजता येते. पॉइंटची किंमत काढायची रीत सोपी: ज्या तारखेला तुम्हाला खरंच जायचंय त्या तारखेचं रोखीचं भाडं करासकट घ्या, त्याला लागणाऱ्या पॉइंटनी भागा. ६,००० ची खोली आणि १०,००० पॉइंट, तर पॉइंट ६० पैशांचा. असं चार-पाच तारखांना करा. एकच उत्तर येणार नाही, पल्ला येईल. मग हिशेब एका आकड्यावर न करता ४०, ६० आणि ८० पैसे अशा तिन्हींवर करा. याला सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणतात, आणि थीसिसमध्ये टाकलात तर एक्स्टर्नल खूश होतो.

हे प्रत्यक्ष करून दाखवते, म्हणजे कार्ड कुणाला परवडतं तेही दिसेल. माझे एक सीनियर बियाणे कंपनीत आहेत. ते वर्षाला समजा वीस रात्री या साखळीच्या हॉटेलांत काढतात, रात्रीला ६,००० धरले तर १,२०,००० रुपये. दर १५० ला ८ म्हणजे ६,४०० पॉइंट. ६० पैशांनी ३,८४०. फुकट रात्र ते घरच्यांना घेऊन वापरतात आणि त्यासाठी पाच हजार आनंदाने मोजले असते म्हणतात. जमा ८,८४०, वजा फी ३,५४०. उरले ५,३००. थांबा, कंट्रोल राहिला! हाच खर्च त्यांनी फी नसलेल्या, एक टक्का परत देणाऱ्या साध्या कार्डावर केला असता तर १,२०० मिळालेच असते. म्हणून खरा फायदा ४,१००. पॉइंट ४० पैशांचा धरला तर २,८२०, ८० चा धरला तर ५,३८०. तिन्ही वेळा फायदाच. त्यांना कार्ड परवडतं, कारण ते त्या हॉटेलांत राहणारच होते आणि भाडं कंपनी भरते.

त्या शेवटच्या वाक्यावर जरा थांबू या. आपल्यालाही परिषदेचा खर्च कधीकधी परत मिळतो, प्रोजेक्टमधून किंवा कंटिन्जन्सीतून. तेव्हा प्रत्यक्ष बिल आणि मंजूर मर्यादा यातली कमी रक्कम हातात येते. म्हणजे बिल मर्यादेच्या आत असेल तर सूट प्रोजेक्टची वाचते, तुमची नाही. पॉइंट मात्र तुमच्या नावावर जमा होतात. आता सांगा, मर्यादेच्या आतली दोन हॉटेलं समोर असतील, एक स्वस्त आणि एक पॉइंटवालं, तर आपण कुठलं निवडू? कन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट हा शब्द आपण औषध कंपन्यांसाठी राखून ठेवतो. तो इतका जवळ असतो. यूजीसीची विज्ञान शाखेची कंटिन्जन्सी पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० असते. त्यातून रसायनंही आणायची आणि प्रवासही करायचा असतो.

एवढं कळत असूनही माणूस कार्ड का वापरत राहतो, यावर चांगलं संशोधन झालंय. जोसेफ नुनेस आणि झेव्हियर ड्रेझ यांनी २००६ साली छापलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण इतका साधा आहे की आपण परभणीत करू शकू. गाडी धुण्याच्या केंद्रावर ३०० गिऱ्हाइकांना शिक्के मारायची कार्डं दिली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रिकामे चौकोन, आठ भरले की एक धुलाई फुकट. उरलेल्यांच्या कार्डावर दहा चौकोन, पण त्यातले दोन आधीच भरलेले. दोघांनाही आठच धुलाया करायच्या होत्या. पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यात ३४ टक्के. नुसतं "तुमची सुरुवात झालीये" असं दाखवल्याने हा फरक पडला. कार्ड घेतल्याबरोबर खात्यात दहा रात्रींचं श्रेय आणि सिल्व्हर दर्जा का देतात, ते आता कळलं असेल. १९३० च्या दशकात क्लार्क हल यांनी मांडलं होतं की चक्रव्यूहातला उंदीर खाद्याच्या जवळ आला की जोरात पळतो. गोल्डच्या जवळ आलेला सिल्व्हर सभासद वेगळं काही करत नाही. मीही केलं नाही.

दुसरा प्रयोग ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा, २००१ चा. एमबीएच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. काहींना पैसे रोख द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली साधारण दुपटीपर्यंत गेल्या. वाचताना मुलाखतीत विचारतात तो प्रश्न स्वतःला विचारा: हे अमेरिकेतले एमबीएवाले, हे परभणीला लागू आहे का? दुप्पट हा आकडा मी उचलून इथे लावणार नाही. दिशा मात्र माझ्या दोन वर्षांच्या बिलांशी जुळते.

आणि दुसरीकडे व्हिडिओ. "पॉइंटवर मालदीव फुकट", "एक रुपया न देता पंचतारांकित". त्यातले हिशेब बहुतेकदा खरेच असतात. पण ज्यांची रात्र मुदतीत वापरली गेली नाही, ज्यांनी तीन महिने व्याज भरलं, ते व्हिडिओ काढत नाहीत. उगवलेल्या रोपांचीच उंची मोजून बियाणं चांगलं ठरवण्यासारखं आहे हे. न उगवलेलं बी कुणी मोजायचं? आणि व्हिडिओखाली अर्जाची लिंक असेल तर त्या लिंकवरून आलेल्या प्रत्येक अर्जाचे पैसे सांगणाऱ्याला मिळत असण्याची शक्यता लक्षात घ्या.

आता व्याज. हे मी शेवटी घेतेय, पण आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

यूजीसी-सीएसआयआरची जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, एसआरएफ ४२,०००. कागदावर महिन्याला. माझी फेलोशिप दुसऱ्या ठिकाणची (नाव राहू दे), ती कधी तीन महिन्यांनी तर कधी पाच महिन्यांनी एकदम जमा होते. हॉस्टेलवर ज्याला विचाराल तो अशीच काहीतरी तारीख सांगेल. क्रेडिट कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतं. पीक आल्यावर देतो म्हणून उधारी घेणाऱ्या शेतकऱ्याची जी अडचण, तीच आपली.

समजा बिल ४०,००० आलं आणि फेलोशिप अडकली. बिलावर लिहिलेलं असतं: किमान भरायची रक्कम २,०००. वाटतं, सुटलो. व्याजदर महिन्याला ३.६ टक्के धरला, बहुतेक कार्डांवर त्याच्याच आसपास असतो, तर व्याज १,४४०. व्याजावर १८ टक्के जीएसटी, साधारण २६०. झाले १,७००. तुम्ही भरलेल्या दोन हजारांतले तीनशेच मुदलात गेले! आणि पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते. व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. पुढच्या महिन्यात जेवणाचं बिल कार्डाने दिलंत तर त्यावरही. तीन महिने फेलोशिप लांबली तर पाच हजारांच्या आसपास गेले. फुकट रात्र, १७५ ची सूट, पॉइंट, सगळं त्यात बुडतं.

वर्षाचा दर काढला तर हे ४३ टक्क्यांच्या वर जातं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. त्यामुळे "एवढं व्याज कायद्यात बसतं का?" असं विचारणाऱ्यांना उत्तर: हो.

माझ्या बाबतीत हेच झालं. पुण्याचे अकरा हजार, एका इन्स्ट्रुमेंटच्या अ‍ॅनालिसिसची फी, घरी एक दवाखान्याचा खर्च, आणि फेलोशिप चार महिने नाही. व्याज-दंड मिळून जे गेलं त्यात माझी एक सीझनची मजुरी निघाली असती. शेवटी बाबांनी कापूस विकून आलेल्या पैशातून ते बिल फेडलं, आणि कार्ड कशाचं आहे ते विचारलंसुद्धा नाही. हॉटेलचं आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ज्युनियरला मी शेवटी चार प्रश्न पाठवले. येत्या बारा महिन्यांत तू स्वतःच्या पैशाने या साखळीच्या हॉटेलांत किती रात्री राहणार आहेस, कार्ड नसतं तरी? फेलोशिप सहा महिने आली नाही तरी पूर्ण बिल भरता येईल एवढे पैसे खात्यात आहेत का? सभासदाच्या दराच्या तुलनेत कार्डाचा दर किती कमी आहे, तुझ्या तारखांना? आणि फी धरून बेरीज किती येते?

तिने रात्री उत्तर पाठवलं. एक रात्र. नाही. १४० रुपये. उणे. पुढे लिहिलं होतं, "पण ताई, मला क्रेडिट स्कोअर तयार करायचाय, पुढे लोन लागेल." हा मुद्दा बरोबर आहे, आणि त्याचा हॉटेलशी संबंध नाही. त्यासाठी छोट्या मुदत ठेवीवर मिळणारं, फी नसलेलं कार्ड पुरतं. पगारपत्रक नसलेल्या आपल्यासारख्यांना बहुतेक बँका तसंच कार्ड देतात. महिन्याला मोबाइलचा रिचार्ज त्यावर करायचा, पूर्ण बिल आपोआप खात्यातून जाईल अशी सोय करून ठेवायची. हैदराबादसाठी तिला मोफत सभासद व्हायला सांगितलं, आणि आधी राजेंद्रनगरच्या कृषी विद्यापीठाच्या गेस्ट हाउसला विभागाकडून पत्र पाठवायला. जागा मिळाली नाही तर सभासदाचा दर आहेच.

ज्यांनी आधीच असं कार्ड घेतलंय आणि आता बंद करायचंय त्यांच्यासाठी: पुढच्या वर्षाची फी लागायच्या आधी अर्ज करा. हॉटेलच्या खात्यात गेलेले पॉइंट साधारणपणे तिथेच राहतात, पण बँकेकडे पडून असलेले आधी वळते करून घ्या. सगळी बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. केलं नाही तर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. फोनवर "मॅडम, फी माफ करतो, राहू द्या" असं म्हणतील. मला दोनदा म्हणाले. अर्ज ईमेलने करा, म्हणजे तारीख राहते.